कितवा आलास?



आपल्या घरांत मुलांना काही प्रश्न इतक्या सवयीने विचारले जातात, की ते विचारताना आपण क्षणभरही थांबत नाही. मूल दुपारी शाळेतून परतले की "जेवलास का?" हा प्रश्न जितक्या सहज ओठांवर येतो, तितक्याच सहज परीक्षेच्या निकालाच्या किंवा शर्यतींच्या दिवशी "कितवा आलास?" हा प्रश्न येतो. पहिल्या प्रश्नात माया असते. दुसऱ्यातही मायाच असते, हे मी नाकारीत नाही. तथापि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूल चटकन देते आणि दुसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी ते एकवार आपल्या तोंडाकडे पाहून घेते, ही गोष्ट किती आईबापांच्या ध्यानात आली असेल?

या आठवड्यात त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. त्यासाठी वाचकांना मी थोडे दूर, ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीत, व्हिएन्ना नगरीत नेणार आहे. 2023 साली अभ्यासानिमित्त रोम येथे असताना एप्रिल महिन्यातील एका शनिवारी व रविवारी मी तेथे जाऊन आलो. निमित्त होते धावण्याच्या एका शर्यतीचे. वाचकांनी हसू नये. धावणारा मी नव्हतो. धावणार होता आपल्या बेळगाव भागातील एका खेड्याचा तरुण.

माझ्या पहिल्याच नेमणुकीच्या गावी हा मुलगा वेदीसेवक होता. दोन एकर कोरडवाहू जमीन, एक म्हैस, आणि आईबाप व दोन मुलगे असे त्यांचे घर. थोरला भाऊ अंगापिंडाने मजबूत. तालुक्याच्या स्पर्धांतून त्याने आणलेली प्रशस्तिपत्रे घराच्या दर्शनी भिंतीवर ओळीने लावलेली असत. धाकट्याचे त्या भिंतीवर काहीही नव्हते. सणाच्या दिवशी शर्यती झाल्या म्हणजे तो बहुधा शेवटून दुसरा येई आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच गर्दीत मिसळून जाई. पुढे त्याने बंगळूर येथे परिचारकाचे शिक्षण घेतले, जर्मन भाषा शिकली आणि व्हिएन्नात एका वृद्धाश्रमात तो नोकरीस लागला. मी रोममध्ये आहे हे कळल्यावर त्याचे पत्र आले. त्यात लिहिले होते, "फादर, मी येथल्या मोठ्या शर्यतीत नाव दिले आहे. रस्त्याच्या कडेला ओळखीचे एक तरी माणूस असावे असे वाटते." असे पत्र आल्यावर न जाऊन कसे चालेल? शुक्रवारी सायंकाळी रोमहून गाडीत बसलो आणि शनिवारी सकाळी व्हिएन्नात उतरलो.

संगीताचे वेड आपल्या भागाला नवे नाही. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी झाला. धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर यांचे वास्तव्य होते. मिरजेत तंबोरे व सतारी घडविणाऱ्या कारागिरांची घराणी आहेत. आपणांस मिरज आणि धारवाड जसे, तसे युरोपला व्हिएन्ना. हायडन, मोझार्ट आणि बेथोव्हेन हे तिघे बाहेरून येऊन या शहरात राहिले आणि येथेच त्यांचा अंत झाला. शूबर्ट तर 1797 साली येथेच जन्मला. आजही तेथे सायंकाळ झाली म्हणजे व्हायोलिनच्या पेट्या पाठीशी लावून घाईने चाललेली माणसे रस्त्यात भेटतात.

शनिवारी सायंकाळी तो तरुण मला तेथील प्रसिद्ध ऑपेरागृहात घेऊन गेला. ऑपेरा म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकाचा दूरचा नातलग. फरक इतकाच की त्यात संभाषणही बहुधा गाऊनच होते. तिकिटे महाग असतात, परंतु उभे राहून पाहणाऱ्यांसाठी शेकडो जागा राखून ठेवण्याची प्रथा तेथे फार जुनी आहे, आणि त्या अल्प दरात मिळतात. आम्ही अगदी वरच्या सज्ज्यात उभे राहिलो. तेथून रंगमंचाचा एक कोपरा दिसेना, पण समोरच्या खड्ड्यात बसलेला वाद्यवृंद मात्र स्वच्छ दिसत होता.

माझे लक्ष त्या खड्ड्यातल्या एका वादकाकडे गेले. त्याच्याजवळ झांजा होत्या. तो कितीतरी वेळ हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. मात्र समोरच्या कागदावरून त्याची दृष्टी ढळत नव्हती. मनातल्या मनात तो मात्रा मोजीत असावा. मग तो उठला, त्याने एकदाच झांजा वाजविल्या आणि तो पुन्हा खाली बसला. त्याच्या शेजारी व्हायोलिनवाल्यांचे दोन ताफे होते. मुख्य सूर बहुधा पहिल्या ताफ्याकडे असतो आणि दुसरा त्याला भर देतो. दुसऱ्या ताफ्याने हात आखडता घेतला, तर पहिल्याचे वादन पोकळ वाटेल. नाटक संपल्यावर संपूर्ण प्रेक्षागृह टाळ्या वाजवीत उभे राहिले. त्या टाळ्यांत पहिल्या व्हायोलिनच्या किती आणि झांजवाल्याच्या किती, याचा हिशेब कोणी मांडीत नव्हते.

मात्र याच इमारतीची एक दुःखद कथा आहे, तीही सांगितली पाहिजे. ऑगस्ट सिकार्ड्सबुर्ग आणि एडवर्ड व्हान डेर न्युल या दोन स्थापत्यविशारद मित्रांनी हे ऑपेरागृह उभारले. बांधकाम चालू असताना समोरच्या रस्त्याची पातळी वाढविण्यात आली, त्यामुळे इमारत खाली दबल्यासारखी दिसू लागली. नगरातील लोकांनी आणि वृत्तपत्रांनी तिची मनसोक्त टवाळी केली. 'जमिनीत बुडालेली पेटी' असे तिला नाव पडले. 1868 सालच्या एप्रिलात व्हान डेर न्युल यांनी आपल्या हाताने जीवनाचा शेवट केला. त्यानंतर दहा आठवड्यांच्या आत सिकार्ड्सबुर्ग आजारपणात वारले. पुढच्याच वर्षी, 25 मे 1869 रोजी, ऑपेरागृहाचे उद्घाटन झाले, तेव्हा ते पाहावयास दोघांपैकी कोणीही उरला नव्हता. आज तेच ऑपेरागृह नगराचे भूषण मानले जाते. टवाळी करणाऱ्यांची नावे कोणासही ठाऊक नाहीत. आपण दिलेला निकाल एखाद्याच्या जिव्हारी किती खोल जाऊ शकतो, याचा हा दाखला माझ्या मनातून जात नाही.

संगीतकारांच्या बाबतीतही या नगरीने घाईने निकाल दिलेले आहेत. संत स्टीफनच्या महामंदिरातील गायकवृंदात एक खेडवळ मुलगा होता. त्याचा बाप गाड्यांची चाके करणारा. मुलगा सुमारे सतरा-अठरा वर्षांचा झाला, आवाज फुटला, आणि गायकवृंदाला त्याचा उपयोग उरला नाही. तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले. हा मुलगा म्हणजे योसेफ हायडन. पुढे त्याने शंभरावर सिंफनी रचल्या. शूबर्टचे पाहा. स्वतःच्या रचनांचा एकच सार्वजनिक जलसा त्याला आयुष्यात करता आला, तो 26 मार्च 1828 रोजी. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याची 'अपूर्ण सिंफनी' म्हणून जी जगप्रसिद्ध रचना आहे, ती लोकांनी प्रथम ऐकली 1865 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 37 वर्षांनी. 1828 साली कोणी विचारले असते, "शूबर्ट कितवा आला?" तर व्हिएन्नाने काय उत्तर दिले असते?

असो. आता शर्यतीकडे वळू.

ही शर्यत 1984 सालापासून भरते. मॅरेथॉनचे अंतर 42 किलोमीटर व 195 मीटर. म्हणजे बेळगावहून खानापुरास जाऊन तेथून बराचसा रस्ता परत येण्याइतके. हा 195 मीटरांचा विचित्र हिशेब 1908 सालच्या लंडन ऑलिंपिकमधून आला. त्या शर्यतीचा आरंभ विंडसरच्या राजवाड्याशी आणि शेवट क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनांसमोर ठेवला होता. त्या मार्गाची जी लांबी भरली, तीच पुढे 1921 साली कायम करण्यात आली. व्हिएन्नात या पूर्ण शर्यतीबरोबर अर्ध्या अंतराची एक शर्यत असते, आणि चौघांनी अंतर वाटून घेऊन पुरे करावयाचीही एक असते. सर्व प्रकार मिळून तीस हजारांहून अधिक माणसे नाव नोंदवितात. इतकी माणसे एकाच क्षणी एका रेषेवर कशी उभी राहणार? म्हणून त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सोडतात. प्रत्येकाजवळ एक लहानशी विद्युत् चकती असते. तो आरंभरेषा ओलांडतो तेव्हा त्याचे घड्याळ सुरू होते आणि अंतिम रेषा ओलांडतो तेव्हा थांबते. मागच्या तुकडीत अर्धा तास उभ्या राहिलेल्या माणसाचा तो अर्धा तास त्याच्या माथी मारला जात नाही. ही व्यवस्था मला फार न्यायाची वाटली. आपल्या मुलांनाही सर्वांना एकाच रेषेवरून आणि एकाच वेळी सोडलेले नसते. कोणाच्या घरी अभ्यासाला दिवा आणि शांत कोपरा असतो, कोणाला पहाटे म्हैस पिळून मग पुस्तक हाती घ्यावे लागते.

रविवार, 23 एप्रिल. सकाळी नऊच्या सुमारास डॅन्यूब नदीपलीकडून शर्यत सुटली. प्रथम ती महानदी मोठ्या पुलावरून ओलांडावयाची, मग प्राटर नावाच्या विस्तीर्ण उपवनातून शहरात शिरावयाचे. मी ऑपेरागृहासमोर जागा धरून उभा होतो. आघाडीचे धावपटू आले, तेव्हा पावलांचा आवाज जवळजवळ ऐकू येत नव्हता; हरणांचा कळप यावा आणि जावा तसे ते गेले. त्या दिवशी केनियाच्या सॅम्वेल मैलू याने 2 तास 5 मिनिटे 8 सेकंदांत शर्यत जिंकली आणि त्या मार्गावरचा तोवरचा विक्रम मोडला. अशा माणसाचे कौतुक करावे तितके थोडे. परंतु त्याच्या मागून जो लोंढा आला, तो तास उलटला तरी संपेना. पांढऱ्या केसांचे आजोबा, पोट सुटलेले गृहस्थ, मैत्रिणीचा हात धरून तिच्या मार्गदर्शनाने धावणारी एक अंध तरुणी. साडेदहाच्या पुढे आमचा तरुण दिसला. मी मराठीत हाक मारली. इतक्या गलबल्यात ती त्याला ऐकू गेली. मान वळवून, दोन्ही हात वर करून त्याने मला नमस्कार केला आणि तो पुढे गेला.

अकरा वाजता जवळच्याच संत ऑगस्टीनच्या मंदिरात मी मिस्सेला गेलो. या मंदिरातील रविवारची अकराची मिस्सा संगीतासाठी प्रसिद्ध आहे. हायडन, मोझार्ट, शूबर्ट यांनी मिस्सेसाठी रचलेले संगीत तेथे वाद्यवृंद व गायकवृंद यांच्या साथीने सादर होते. ते जलशासाठी सजविलेले गाणे नव्हे, उपासनेतलेच गाणे. बाकांवर पर्यटक होते, नगरवासी होते, आणि अर्ध्या अंतराची शर्यत संपवून गळ्यात पदक घालून आलेला, घामाने भिजलेला एक मनुष्यही मागच्या खांबाशी उभा होता.

तेथून भुयारी गाडीने मी प्राटर उपवनात गेलो. तेथे दोन्ही बाजूंना उंच चेस्टनट वृक्ष असलेला सरळ रस्ता चार किलोमीटरांहून अधिक लांब गेला आहे. शर्यतीच्या उत्तरार्धात धावपटूंना पुन्हा या रस्त्यावर यावे लागते, आणि येथेच त्यांची खरी कसोटी लागते. मनुष्याच्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो सुमारे 30 किलोमीटर धावण्याच्या आसपास संपत येतो. वाटेत काही खाल्ले-प्यायले नसेल, किंवा आरंभी हौसेने वेग अधिक घेतला असेल, तर पाय शिशाचे होतात. धावणारे लोक त्याला 'भिंत लागणे' म्हणतात. मी पाहिले, तेव्हा आमच्या तरुणाला ती भिंत लागलेली होती. तो चालत होता. ओठ पांढरे पडले होते. त्याच्या शेजारी साठीच्या घरातला एक अनोळखी गृहस्थ होता. त्याच्या पायांत अजून बळ दिसत होते. तरी त्याने आपली चाल मुद्दाम कमी केली होती. त्याने आपल्या कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून याच्या हाती दिले, याने ते खाल्ले, आणि थोड्या वेळाने दोघेही हळूहळू धावू लागले. पुढे झाडाखाली काही वादकांचा ब्रास बँड वाजत होता. आपल्या सणाच्या मिरवणुकीत बँड चढ्या लयीत वाजू लागला म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्यांची पावले कशी आपोआप उचलली जातात, ते वाचकांस ठाऊक आहेच. तेथेही तोच चमत्कार मी पाहिला.

ज्या रस्त्यावर हे घडले, त्याच रस्त्यावर 12 ऑक्टोबर 2019 रोजी केनियाचा एलिऊद किपचोगे मॅरेथॉनचे अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत धावला. दोन तासांच्या आत हे अंतर तोवर कोणीही कापले नव्हते. तथापि हा पराक्रम अधिकृत विक्रम म्हणून नोंदविला गेला नाही, कारण ती सर्वांना खुली असलेली स्पर्धा नव्हती आणि त्याला नियमाबाहेरचे साहाय्य होते. त्याच्यासाठी 41 नामांकित धावपटू आळीपाळीने सोबत धावले. वारा अडावा म्हणून त्यांनी त्याच्या पुढे व मागे विशिष्ट आकृतीत रांग धरली होती. अंतिम रेषा दिसू लागली, तेव्हा ते सर्व बाजूला झाले आणि त्यांनी त्याला एकट्याला पुढे जाऊ दिले. त्या 41 जणांत स्वतः ऑलिंपिक व जागतिक पदके मिळविलेले धावपटू होते. त्या दिवशी त्यांच्यापैकी कोण कितवा आला? प्रश्नच संभवत नाही. किपचोगेचेही नाव त्या धावेसाठी विक्रमाच्या वहीत नाही. तरीही जगाने ती धाव लक्षात ठेवली.

याच्या उलट गोष्ट 2021 सालच्या सप्टेंबरातली. व्हिएन्नाच्या याच वार्षिक शर्यतीत इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला. त्याच्यामागून तीन सेकंदांनी केनियाचा लेओनार्ड लांगाट आला. थोड्याच वेळात परीक्षकांनी हुरिसाचे बूट तपासले. तळव्याची जाडी नियमाप्रमाणे चार सेंटिमीटरांपेक्षा अधिक नसावी. ती पाच भरली. जाड तळवा पाऊल उसळवितो, म्हणून ही मर्यादा घातलेली आहे. हुरिसाला बाद ठरविण्यात आले आणि लांगाटला विजेता घोषित केले. अंतिम रेषेवर उभे राहून कोणी हुरिसाला विचारले असते, "कितवा आलास?" तर "पहिला" हेच उत्तर मिळाले असते, आणि त्या क्षणी ते खरेही वाटले असते. पाऊल कशावर टेकवून हा क्रमांक आला, हे मात्र त्या उत्तरातून कळले नसते. आपल्या मुलाने आणलेल्या पहिल्या क्रमांकाखाली कोणाची उत्तरपत्रिका आहे, हेही नुसत्या क्रमांकावरून कळत नाही.

पावणेतीनच्या सुमारास आमचा तरुण आणि तो साठीचा गृहस्थ यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून अंतिम रेषा ओलांडली. चकतीच्या हिशेबाने पाच तास बारा मिनिटे लागली होती. त्यांच्या मागूनही माणसे येतच होती. रस्त्याच्या कडेचे लोक अजून गेले नव्हते. विजेत्याला जशा टाळ्या मिळाल्या, तशाच या शेवटच्या मंडळींनाही मिळत होत्या. सेवकांनी पदकांच्या पेट्या उचलून नेल्या नव्हत्या.

नगरगृहासमोरच्या बागेत आम्ही बसलो. त्याने पायांतील बूट काढले, दोन नखे काळीनिळी झाली होती. मग त्याने घरी दूरध्वनी लावला. गावी तेव्हा रात्र पडत होती. मी शेजारीच असल्यामुळे बापलेकांचे बोलणे मला ऐकू येत होते.

"झाली काय रे शर्यत?"

"झाली, बाबा."

"नंबर कितवा आला?"

मुलगा थोडा थांबला. त्याने आपला चार आकडी क्रमांक सांगितला. पलीकडे शांतता पसरली. मला वाटले, संभाषण आता येथेच संपणार. त्या घरच्या दर्शनी भिंतीवरील प्रशस्तिपत्रांची ओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

मग त्या शेतकऱ्याने दुसरा प्रश्न विचारला. "पाय दुखतात काय रे लई?"

वाचकहो, त्या दुसऱ्या प्रश्नासरशी त्या मुलाला जणू कंठ फुटला. नखे काळी पडल्याचे त्याने सांगितले, पूल सांगितला, झाडांचा रस्ता सांगितला, चालत राहावे लागले ते सांगितले, त्या अनोळखी माणसाने आपल्याजवळचे खाणे कसे दिले ते सांगितले. बाप मधूनमधून "बरं, बरं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "त्या माणसाला जेवायला बोलाव एकदा तुझ्या खोलीवर." पंधरा मिनिटे ते बोलत होते. तो तरुण मला मागाहून म्हणाला, "फादर, बाबा माझ्याशी इतका वेळ कधी बोलल्याचे मला आठवत नाही." त्या बापाचे माझ्या मनात तेव्हापासून एक वेगळेच स्थान आहे. त्याने कोणतेही पुस्तक वाचले नव्हते. पहिल्या प्रश्नाने दार लागले हे त्याला कळले, आणि त्याने दुसरे दार ठोठावून पाहिले.

आता आपल्या घरांकडे वळू. क्रमांकाला आणि गुणांना काहीच किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. गुणांवाचून पुढील शिक्षणाला प्रवेश मिळत नाही, हे मलाही दिसते. किपचोगेसुद्धा धावताना वेळेचे भान सोडीत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की क्रमांकाचा प्रश्न पहिला विचारू नये आणि तोच एकटा विचारू नये. दरवर्षी उन्हाळ्यात एस्. एस्. एल्. सी. चा निकाल लागतो. त्यानंतरच्या रविवारी मंदिरात काही मुलांच्या जागा रिकाम्या असतात, हे मी वेदीवरून पाहतो. कमी गुण मिळालेली मुले लोकांच्या नजरेला भितात. काकू, मावशी, शेजारी, दुकानदार, सर्वजण एकच प्रश्न विचारतात, आणि मूल प्रत्येकाला तोच आकडा सांगून दमून जाते. निकालाच्या दिवसांत वृत्तपत्रांत येणाऱ्या दुःखद बातम्या आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. अशा दिवशी मुलाला घरात एकटे सोडू नये, त्याच्यासमोर भावंडांशी किंवा शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नये, आणि आकडा कोणताही असो, त्या रात्री त्याच्या ताटाशेजारी आपले ताट मांडून बसावे. ते खाईनासे, बोलेनासे झाले, "मी नसतो तर बरे झाले असते" असे काही बोलू लागले, तर ती लहर समजू नये. रागावू नये, रात्री त्याच्याजवळ झोपावे, आणि उशीर न करता डॉक्टरांची किंवा जाणत्या शिक्षकांची भेट घ्यावी. माझ्या घराचा दरवाजाही कोणत्याही वेळी ठोठवावा.

विचारण्यासारखे प्रश्न कितीतरी आहेत. कोणता धडा कठीण गेला? कोणी समजावून सांगितले? तू कोणाला सांगितलास? मध्येच सोडून द्यावेसे वाटले तेव्हा काय केलेस? संत पौलानेही ख्रिस्ती जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे. आणि आयुष्याच्या अखेरीस त्याने समाधान व्यक्त केले, ते धाव पुरी केल्याचे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला मुलांच्या शर्यती होतात. अंतिम रेषेवर दोन स्वयंसेवक दोरी धरून उभे असतात. पहिले तीन आले की दोरी गुंडाळली जाते, आणि चौथ्यापासूनची मुले कोठून आली व कोठे गेली, ते कोणी पाहत नाही. व्हिएन्नात पहिला धावपटू आल्यानंतरही कितीतरी तास अंतिम रेषा उघडी असते. आपली शर्यत तर शंभर मीटरांची. अखेरच्या मुलाला पोचावयास अर्धे मिनिट अधिक लागेल. येत्या सणाला क्रीडासमितीने बक्षिसे तीनच द्यावीत, त्याला माझी हरकत नाही. फक्त शेवटचे मूल आत येईपर्यंत दोरी धरून ठेवावी, आणि आईबापांनीही तोवर आपली जागा सोडू नये.